प्रिंटर नेरला, सर्व्हर कुठे कोण जाणे!

सकाळचे सव्वाअकरा. मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं. लॅपटॉप, वही, कॉफी असा सगळा सरंजाम सांभाळत मी कॉन्फरन्स रूमच्या दारात पोचले आणि फोन वाजला. स्क्रीनवर नाव, ‘काका नेर’.

‘काय करून रायली व?’

‘मीटिंगला चाललेय काका. अर्जंट आहे का?’

‘बिल निघूनच नाई रायलं. मशीन चालू हाये, कागद हाये, लाल दिवा बी नाई लागला. तू कम्प्युटरमंदी हायेस, म्हून म्हटलं तुले इचारावं.’

‘कम्प्युटरमंदी असणं’ म्हणजे काय, हे गावाकडून पुण्या-मुंबईत आलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. तुम्ही टेस्टिंगमध्ये असा, एचआरमध्ये असा, नाहीतर बँकेच्या बॅक ऑफिसात; एकदा गळ्यात आयकार्ड पडलं की खानदानातल्या यच्चयावत मोबाइल, टीव्ही आणि प्रिंटरची एएमसी तुमच्या नावावर होते. फुकट आणि आजन्म!

एरवी मी ‘संध्याकाळी बघते’ म्हणून सुटले असते. पण दिवस मृगाचे होते. यवतमाळहून अमरावतीला निघालात की वाटेत नेर लागतं, कागदोपत्री नेर परसोपंत. तालुक्याचं गाव, बाजार समिती, आणि आजूबाजूला सगळी शेती सोयाबीन, तूर आणि पराटीची. (पराटी म्हणजे कपाशी. आमच्याकडे कोणी ‘कॉटन’ म्हणालं तर लोक त्याला शर्टाचं कापड दाखवतील.) तिथे काकांचं कृषी केंद्र. वर्षभर निवांत पेपर वाचणाऱ्या त्या दुकानात जूनचे पंधरा-वीस दिवस पाय ठेवायला जागा नसते. पाऊस झाला की आसपासच्या खेड्यांतली माणसं एकाच दिवशी बियाण्याला येतात, आणि ओल उडायच्या आत पेरायचं असतं म्हणून सगळ्यांना आत्ताच हवं असतं.

बरं, बिल नसलं तर हातानं चिठ्ठी लिहून द्यावी की! काका देत नाहीत. नियमानंही चालत नाही. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे बियाणं विकणाऱ्याला रोखीचं किंवा उधारीचं बिल द्यावंच लागतं. पण काकांचं कारण नियमापेक्षा जवळचं आहे. २०२०च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, प्रकरण पार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं होतं. त्या वर्षी ज्यांच्याकडे बिल, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल होतं त्यांना निदान तक्रार तरी करता आली. काकांच्या ओळखीतल्या एकानं स्वस्तात मिळतं म्हणून दुसरीकडून कच्च्या चिठ्ठीवर चार बॅगा उचलल्या होत्या. रान कोरंच राहिलं. दाखवायला कागद म्हणाल तर वहीचं फाडलेलं पान, त्यावर नुसता आकडा. तो माणूस दरवर्षी काकांच्या दुकानात येतो, बाकावर बसून चहा पितो, आणि तेव्हापासून काका बिलाशिवाय बॅग काउंटरवरून हलू देत नाहीत.

त्या दिवशीही काकांनी जुनं कार्बनचं बिलबुक बाहेर काढलं होतं. पण हातानं लिहायचं म्हणजे वाण, लॉट नंबर, मुदत, वजन, दर सगळं नीट उतरवायचं. एकेका गिऱ्हाइकाला पाच-पाच मिनिटं! मागे फोनवर मला गर्दीचा आवाज ऐकू येत होता. मी मीटिंगला ‘ज्वाइनिंग इन टेन’ असा मेसेज टाकला आणि जिन्यात जाऊन बसले.

आता थोडं मागे जाऊ, म्हणजे घोळ कुठे झाला ते कळेल. पूर्वी काकांचा हिशोब दुकानातल्या कॉम्प्युटरमध्येच असायचा. एकदा हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर वर्षाची खातेवही गेली. तेव्हा कुणीतरी सुचवलं, ‘सगळं सर्व्हरवर ठेवा’. म्हणून आता हिशोबाचं सॉफ्टवेअर भाड्यानं घेतलेल्या एका लांबच्या मशीनवर चालतं. दुकानातला कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपनं तिथे जोडला जातो. वीज गेली तरी हिशोब जागेवर, आणि सीए यवतमाळला बसून तीच खाती उघडून बघतो. आयडिया सॉलिड आहे.

फक्त एक गोष्ट दुकानातल्या कुणाच्याच लक्षात येत नाही. बिल तयार होतं ते तिकडे, त्या लांबच्या मशीनवर. प्रिंटर आहे इकडे, काउंटरखाली. मग बिल तिकडून इकडे येतं कसं?

रिमोट डेस्कटॉपमध्ये तुमच्याकडून जातात ते कीबोर्ड आणि माउसचे इशारे, तिकडून येतं ते स्क्रीनचं चित्र. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच जोडणीत आणखी काही गुपचूप वाटा असतात. कॉपी-पेस्टची एक, आवाजाची एक, आणि प्रिंटरचीही. तुम्ही कनेक्ट झालात की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला सांगतो, ‘माझ्याकडे अमुक-तमुक प्रिंटर आहेत, त्यांचे ड्रायव्हर हे.’ सर्व्हर त्या प्रत्येकाचा एक तात्पुरता डमी तुमच्यापुरता उभा करतो. तुम्ही तिकडे ‘प्रिंट’ म्हणता, काम डमीकडे जातं, डमी ते उलट्या वाटेनं तुमच्याकडे पाठवतो, आणि खरा प्रिंटर किर्र-किर्र करायला लागतो. तुम्ही लॉग-ऑफ केलंत की डमी पुसला जातो. यालाच म्हणायचं प्रिंटर रीडायरेक्शन.

आता गंमत या डमीच्या नावात आहे. मूळ नावापुढे कंसात ‘रीडायरेक्टेड’ आणि एक आकडा येतो. हा आकडा म्हणजे प्रिंटरचा नाही, तुमच्या सेशनचा नंबर. नुसतं खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलंत तर सेशन तिकडे जिवंत राहतं. पुन्हा आलात की तोच नंबर. पण रीतसर लॉग-ऑफ केलंत, किंवा सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर नंबर नव्यानं मिळतो. दवाखान्यात रोज नवा टोकन नंबर मिळावा तसं. आणि जे सॉफ्टवेअर प्रिंटरचं अख्खं नाव आकड्यासकट पाठ करून ठेवतं, ते दुसऱ्या दिवशी जुन्याच टोकनवाल्याला हाका मारत बसतं.

दुकानातला पोरगा कायम फुलीच मारायचा. महिनोनमहिने नंबर तीन. आदल्या रात्री सर्व्हर अपडेट होऊन रीस्टार्ट झाला, सकाळी आमच्या आधी आणखी कोणकोण आत शिरले, आणि आमच्या वाट्याला आला पाच. सॉफ्टवेअर मात्र ‘तीन कुठाय, तीन कुठाय’!

हे मला जिन्यात बसल्या बसल्या काही दिव्यदृष्टीनं कळलं नाही. मी पोराला फोन द्यायला सांगितला.

‘ताई, प्रिंट म्हटलं का ते नाव इचारते.’

‘कुणाचं नाव?’

‘गिऱ्हाइकाचं असंल. मी टाकून देतो. मंग चूप बसते.’

मी कपाळाला हात लावला आणि व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. थरथरत्या कॅमेऱ्यात दिसलं ते ‘सेव्ह प्रिंट आउटपुट अॅज’. म्हणजे फाइलचं नाव! बिलं कागदावर नाही, पीडीएफ होऊन जात होती. आणि त्या पठ्ठ्यानं इमानेइतबारे प्रत्येक फाइलला शेतकऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव घालून एंटर मारला होता. सात वेळा. त्यातली खरी मजा तर पुढेच. या फायली सर्व्हरवर नव्हत्याच. पीडीएफचा प्रिंटरही दुकानातूनच तिकडे रीडायरेक्ट झालेला, म्हणून फायली परत दुकानातच उतरल्या होत्या, डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये. सातही बिलं नेरलाच होती, प्रिंटरपासून हातभर अंतरावर!

पण मुळात पीडीएफ कुठून आलं? तर विंडोज १० पासून सेटिंग्जमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ नावाचा एक आगाऊपणा आहे. तो चालू असला की तुम्ही शेवटचा जो प्रिंटर वापरलात तोच डिफॉल्ट होऊन बसतो. पोरानं सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कुठल्याशा कंपनीचं दरपत्रक पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. झालं! पीडीएफ डिफॉल्ट. सर्व्हरवर तुमचा डिफॉल्ट साधारणपणे तसाच पुढे जातो. सॉफ्टवेअरला ‘तीन’ सापडला नाही, म्हणून ते डिफॉल्टकडे गेलं. एकट्यानं काही बिघडलं नसतं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी जुळून आल्या.

इलाज पाच मिनिटांचा होता. नेरच्या कॉम्प्युटरवर तो आगाऊपणा बंद केला, डॉट मॅट्रिक्सला डिफॉल्ट केलं. सर्व्हरवर लॉग-ऑफ करून (फुली नाही, लॉग-ऑफ!) पुन्हा आत जायला लावलं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव घेऊन प्रिंटर निवडण्याऐवजी ‘डिफॉल्ट’ ठेवला, म्हणजे नंबर पाच असो की पन्नास, फरक पडत नाही. किर्र-किर्र सुरू झालं. मागून कुणीतरी ‘आलं, आलं!’ म्हणून ओरडलं, जणू धरणाचं पाणी सुटलं. मी मीटिंगमध्ये वीस मिनिटं उशिरा पोचले आणि ‘प्रॉडक्शन इश्यू’ होता असं सांगितलं. खोटं काय त्यात?

संध्याकाळी पुन्हा फोन. ‘निघते बाई, पण लय हळू. आन तिसऱ्या कॉपीवर काईच उमटून नाई रायलं.’

हा दुसरा घोळ, आणि यासाठी थोडा इतिहास लागतो. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये आणली, तेव्हा स्वतःचा प्रिंटर तिकडे नेण्याची सोयच नव्हती. ती आली विंडोज २००० मध्ये. मग सर्व्हर २००३च्या जमान्यात सिस्टिम अॅडमिन लोकांचे केस गळायचं मुख्य कारण हेच असायचं. कारण तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवरही हवा, आणि दोन्हीकडे त्याचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एखादी स्पेस इकडची तिकडे झाली तरी सर्व्हर म्हणणार, ओळखत नाही! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११११ नंबरची नोंद दिसली की समजायचं, ड्रायव्हर अनोळखी. तुमच्या आयटीवाल्याला हा नंबर सांगून बघा, वयानं जरा मोठा असेल तर डोळ्यांत पाणी येईल.

मग सर्व्हर २००८ बरोबर आलं ‘ईझी प्रिंट’. सर्व्हरवर ड्रायव्हरची कटकटच नको. सर्व्हर पान तयार करून एका ठरलेल्या फॉरमॅटमध्ये पाठवतो, आणि छपाई तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा ड्रायव्हर करतो. ऑफिसातल्या लेझर, इंकजेटसाठी झकास. घरून काम करताना तुमचा प्रिंटर निमूटपणे चालत असेल तर पुण्य या ईझी प्रिंटचं.

पण डॉट मॅट्रिक्सची जात वेगळी. तो टाइपरायटरचा सख्खा भाऊ. त्याला अक्षरं सरळ पाठवली की त्याच्या पोटातल्या फाँटनं तो धडाधड ठोकत जातो, आणि त्या ठोक्यानंच खालच्या कार्बनच्या प्रती उमटतात. ईझी प्रिंटमधून बिल पोचतं ते अक्षर म्हणून नाही, पानाचं चित्र म्हणून. मग सुया ठिपका ठिपका करत ते चित्र भरतात, रांगोळी काढल्यासारखं. वेळ तिप्पट आणि ठसा फिका. पहिली प्रत कशीबशी, दुसरी अंदाजानं, तिसरी देवाच्या भरवशावर. ‘आता लेझर घ्या’ हा सल्ला शहरी डोक्यातून येतो. लेझरला एका फटक्यात तीन प्रती येत नाहीत, आणि धुळीच्या काउंटरवर वर्षानुवर्षं खपून घेणारं यंत्र म्हणून मला अजूनही डॉट मॅट्रिक्सबद्दल आदरच आहे.

यावर उपाय सर्व्हरवाल्याच्या हातात असतो. ग्रुप पॉलिसीत ‘यूज रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट’ अशी लांबलचक ओळ आहे. ती डिसेबल केली की सर्व्हर आधी खरा ड्रायव्हर शोधतो आणि नाही मिळाला तरच ईझी प्रिंटकडे वळतो. त्याच्या जोडीला तोच ड्रायव्हर, त्याच नावाचा, सर्व्हरवर बसवायचा. बिल निव्वळ अक्षरांचंच असेल तर दोन्हीकडे ‘जनरिक / टेक्स्ट ओन्ली’ हा विंडोजचा साधा ड्रायव्हर लावला तरी काम भागतं. फक्त मग लोगो आणि मराठी अक्षरं विसरायची. आमच्या सर्व्हरवाल्यानं आधी ‘तुमच्याच प्रिंटरचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून बघितलं. पॉलिसीचं पूर्ण नाव ऐकवल्यावर तो एकदम ‘मॅडम’ म्हणायला लागला. ड्रायव्हर मात्र तुम्हाला स्वतःला तिकडे बसवता येणार नाही. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भोक विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये सापडलं, आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं ड्रायव्हर बसवण्याचे अधिकार अॅडमिनपुरते आवळले. त्याच धामधुमीत अनेक ठिकाणी सर्व्हरवरचा स्पूलरच बंद करून टाकला गेला. तो बंद असेल तर डमी प्रिंटर उभाच राहत नाही, यादी रिकामी. तेव्हा यादीत तुमचा एकही प्रिंटर दिसत नसेल तर इकडे केबल काढून-घालून काही होणार नाही, आधी तिकडचा स्पूलर चालू आहे का ते विचारा.

त्याच्याही आधी बघायची एक फालतू वाटणारी जागा. कनेक्ट होण्यापूर्वी ‘शो ऑप्शन्स’, त्यात ‘लोकल रिसोर्सेस’, त्यात ‘प्रिंटर्स’ची चौकट. तिथे टिक नसेल तर बाकी सगळं ज्ञान वाया. डेस्कटॉपवरच्या तयार आयकॉननं तुम्ही आत जात असाल, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. ‘रीडायरेक्टप्रिंटर्स’ अशी ओळ असते, तिच्या शेवटी शून्य असेल तर एक करा. टिक करूनही काही होत नसेल, तर तुमच्या कंपनीनं ही वाट मुद्दामच बंद केलेली असणार. बँका, बीपीओ यांच्याकडे क्लायंटचा डेटा घरच्या प्रिंटरवर उतरू नये म्हणून असं करतात. तिथे जुगाड शोधू नका, नोकरीवर बेतेल.

आणि हो, हे सगळं उलटंही घडतं. घरून ऑफिसच्या मशीनवर कनेक्ट झालात, घाईत यादीतला पहिला प्रिंटर निवडलात, ‘रीडायरेक्टेड’ हा शब्द वाचलाच नाहीत. कागद घरी येत नाही म्हणून आणखी दोनदा प्रिंट दिलंत. तो निघालेला असतो ऑफिसातल्या चौथ्या मजल्यावर, बॉसच्या केबिनबाहेर, तीन प्रतींत! माझ्या एका मैत्रिणीचा राजीनामा असाच तिच्या आधी ऑफिसात पोचला. तिनं तो तोवर देऊ की नको असं ठरवलेलंही नव्हतं.

काकांकडे आता ठीक चाललंय. ड्रायव्हर बसल्यावर पहिलं बिल निघालं त्याचा फोटो त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, तिसरी प्रत उजेडात धरून, लॉट नंबर वाचता येतो हे दिसावं म्हणून. खाली आत्याचं ‘खूप छान’, आणि एका मामेभावाचा वाढदिवसाचा केक.

पोराचा मला वेगळा मेसेज होता. ‘ताई, त्या सात फायली डिलीट मारू का?’

मी हो म्हटलं. काकांनी मारू दिल्या नाहीत.